वाचकांचे प्रश्न : गॅलियानो बेटावर मैत्रिणीकडे आठवडाभर

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, व्हँकुव्हर शहर आणि व्हँकुव्हर बेट यांच्या मधल्या समुद्रात 'गल्फ आयलंड्स' हा छोट्या बेटांचा समूह आहे. त्यातलं गॅलियानो लांबीला सुमारे २७ किलोमीटर आणि रुंदीला बऱ्याच ठिकाणी जेमतेम दोन-तीन किलोमीटर. वस्ती चौदाशेच्या आसपास. तिथे उन्हाळ्यात मित्रमंडळींकडे राहायला जाणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून घेतले आहेत.

व्हँकुव्हर विमानतळावरून गाडी भाड्याने न घेता बेटावर पोचता येईल का? — पुणे

येईल, आणि मैत्रिणीकडे गाडी असेल तर तेच सोयीचं. विमानतळावरून कॅनडा लाइन मेट्रोने ब्रिजपोर्ट स्टेशनला उतरा. तिथून ६२० नंबरची बस थेट त्सवासेनच्या फेरीबोटींच्या टर्मिनलवर जाते. पायी प्रवाशांना साधारणपणे आगाऊ रिझर्व्हेशन लागत नाही. गाडी नेणार असाल तर मात्र जागा आधीच धरून ठेवा, शनिवार-रविवारी तर नक्कीच. बेटावरचा धक्का स्टर्डीज बे इथे आहे. थेट फेरीला साधारण तासभर लागतो. मध्ये दुसरी बेटं घेणारी फेरी असेल तर जास्त.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. त्सवासेनहूनच व्हिक्टोरियाकडच्या स्वार्ट्झ बे आणि सॉल्ट स्प्रिंग बेटावरच्या लाँग हार्बरच्याही फेऱ्या सुटतात, म्हणून तिकिटावर 'स्टर्डीज बे' लिहिलंय ना, हे पाहून घ्या. दुसरी गोष्ट वेळेची. गॅलियानोला दिवसाला मोजक्याच फेऱ्या आहेत. विमान उतरणं आणि फेरी सुटणं यात किमान चार तास ठेवा. इमिग्रेशन आणि सामानातच दीड-दोन तास जातात. संध्याकाळची फेरी चुकली तर विमानतळाजवळच्या रिचमंडमध्ये मुक्काम करावा लागतो. परतताना तर बेट सोडायचा दिवस आणि भारताच्या विमानाचा दिवस एक ठेवूच नका. वारा सुटला किंवा जहाजात बिघाड झाला की फेरी रद्द होते आणि पुढची कित्येक तासांनी असते.

मैत्रीण आत्तापासूनच सांगते आहे, 'पाणी जपून वापरायचं.' कॅनडात आणि पाणीटंचाई? — लातूर

तिचं अगदी खरं आहे. लातूरकरांना बोअर आटणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, आणि तिथेही गोष्ट तीच आहे. बेटावर नदी नाही, बहुतेक घरं स्वतःच्या बोअरवर. खाली वालुकाश्म आणि शेलचा खडक; पाणी फक्त त्याच्या भेगांत साठतं. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. व्हँकुव्हर बेटाच्या डोंगरांच्या आड असल्यामुळे जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात, आणि पाहुणे नेमके तेव्हाच येतात.

हिशेब करून पाहा. शॉवरमधून मिनिटाला साधारण ९ लिटर पाणी पडतं. पाच जणांनी दहा-दहा मिनिटं अंघोळ केली की ४५० लिटर गेले. कमकुवत बोअर मिनिटाला २ लिटर देत असेल तर तेवढं भरून यायला पावणेचार तास लागतात. मध्येच वॉशिंग मशीन लावलं तर पंप कोरडा चालून मोटर जळू शकते. किनाऱ्यालगत उपसा जास्त झाला तर खडकाच्या भेगांत समुद्राचं पाणी शिरतं, आणि एकदा खारं झालेलं बोअर लवकर सुधारत नाही. म्हणून यजमानांची काळजी समजून घ्या. आपली बादली-तांब्याची अंघोळ इथे फार कामाची: माणशी १५ लिटरांत भागते. बाथटबमध्ये बादली ठेवायला कोणाची हरकत नसते. कपडे एकाच दिवशी सगळे न काढता दिवसाआड एक खेप. भांडी नळाखाली न धरता टबात भिजवून घासायची.

वीज गेली की बोअरचा पंपही बंद, म्हणजे पाणीही बंद. दोन बादल्या कायम भरून ठेवा.

सांडपाणी अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जातं, आणि आपल्या स्वयंपाकाचा खरा धोका तिथे आहे. तळणीचं तेल, तूप, रश्श्यावरचा तवंग सिंकमध्ये गेला की तो पुढे थिजतो आणि पाणी जिरवणाऱ्या नळ्या बुजवतो. दुरुस्तीला हजारो डॉलर लागतात. कढई आधी कागदाने पुसा, मग घासा. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डेंटल फ्लॉस टॉयलेटमध्ये टाकायचं नाही. वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ब्लीच ओतल्याने टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात, तेही टाळा.

खाऊ काय न्यावा? मिक्सर नेला तर चालेल का? — डोंबिवली

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा मिक्सर धड फिरणार नाही. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, लाडू न्या. ताजा कढीपत्ता, फळं, बिया, मांस-मासळी नेऊ नका. दुधाच्या मिठाईवरही बंधनं आहेत, ती घरीच ठेवा. जे न्याल ते विमानतळावर सगळं जाहीर करा: जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड १,३०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

मैत्रिणीला खरा आनंद होईल तो ताज्या भाजीचा. बेटावरच्या दुकानांत माल मोजका आणि महाग. व्हँकुव्हरमध्ये मुक्काम असेल तर मेन स्ट्रीट आणि ४९व्या अव्हेन्यूच्या चौकातल्या पंजाबी मार्केटमधून कोथिंबीर, मिरच्या, कढीपत्ता, डाळी घेऊन मग फेरीला जा.

आम्ही मालवणचे. तिथे म्हणे धक्क्यावरूनही कुर्ल्या मिळतात. शिंपलेही आहेत. पकडून खाता येतील का? — मालवण

कुर्ल्या हो, शिंपल्यांबद्दल आमचं मत वेगळं आहे.

तिथली खेकड्याची मानाची जात म्हणजे डंजनेस. आधी केंद्र सरकारच्या मत्स्यखात्याचं समुद्री मासेमारीचं लायसन्स ऑनलाइन काढा. परदेशी पाहुण्यांसाठी एक, तीन किंवा पाच दिवसांचंही मिळतं. ते प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाचं लागतं. मैत्रिणीच्या लायसन्सवर तुम्हाला पकडता येत नाही. मग त्या भागाचा क्षेत्र क्रमांक बघून तिथे बंदी आहे का आणि दिवसाला किती खेकडे ठेवता येतात, ते त्याच दिवशी तपासा.

फक्त नर ठेवायचे, तेही पाठीचं कवच सर्वांत रुंद जागी किमान १६५ मिलिमीटर असेल तरच. मोजपट्टी जवळ हवीच. नर ओळखायचा पोटाखालच्या पाळीवरून: नराची अरुंद आणि टोकदार, मादीची रुंद. म्हणजे आपण बाजारात ज्या लाखेच्या कुर्ल्या हुडकतो, त्या इथे परत सोडायच्या. नियम कडक आहे आणि योग्यच आहे, त्यामुळेच खेकडा टिकून आहे. नुकतीच कात टाकलेला नरही सोडून द्या. खालचं कवच बोटाने दाबलं की दबतं, आत मांस कमी आणि पाणीच जास्त.

पिंजरा वाळूच्या किंवा चिखलाच्या तळावर, १० ते २० मीटर खोलीत टाका. आमिष सामन माशाचं डोकं किंवा कोंबडीचा पाय. दोरी भरतीच्या वेळच्या खोलीपेक्षा तिसरा हिस्सा जास्त लांब हवी. ओहोटीला मोजून बेताची दोरी लावली तर भरतीला तरंगता बोया पाण्याखाली जातो आणि पिंजरा हरवतो. उलट, जास्तीची दोरी पाण्यावर तरंगत राहिली तर होडीच्या पंख्यात अडकून तुटते, म्हणून तिला छोटं वजन बांधा. बोयावर नाव लिहिणं आणि पिंजऱ्याला कुजणाऱ्या सुती दोरीची खिडकी ठेवणं बंधनकारक आहे. पिंजरा हरवलाच तर ती दोरी कुजून आतल्या खेकड्यांना वाट मिळते.

शिजवण्याआधी खेकडा साफ करा. कल्ले आणि कवचातला पिवळा लगदा टाकून द्या. विषारी शैवालाचं विष साठतं ते या लगद्यात. आख्खा उकळला तर ते पाण्यात उतरतं. अर्धे केलेले तुकडे चांगल्या खारट पाण्यात १०-१२ मिनिटं पुरतात. नांग्यांचं कवच आपल्या खेकड्यापेक्षा जाड असतं, रश्श्यात टाकण्याआधी ठेचून घ्या.

आता शिंपले आणि कालवं. हेच विष त्यांच्या मांसातही साठतं. त्याला चव नाही, वास नाही, आणि उकळून ते जात नाही. ओठांना मुंग्या येण्यापासून सुरुवात होते आणि श्वास बंद पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. 'बटर क्लॅम' जातीत तर ते महिनोन्‌महिने राहतं. किनारा सरकारने बंद केलाय की खुला, हे पाण्याकडे पाहून कळत नाही. आठवडाभराच्या पाहुण्यांनी शिंपले दुकानातूनच घ्यावेत असं आम्ही ठामपणे सांगतो.

सात दिवस करायचं काय? मुलं कंटाळणार नाहीत ना? — मिसिसागा

आठवडा भरून टाकू नका. दिवसाला एकच ठिकाण ठरवा आणि ते ओहोटीच्या वेळेवर बसवा. या समुद्रात दिवसाच्या दोन ओहोट्यांत बरंच अंतर असतं: एक खूप खोल जाते, दुसरी नावापुरती. उन्हाळ्यात खोल ओहोटी दिवसाउजेडी येते, हे मुलांचं भाग्य. भरती-ओहोटीच्या तक्त्यात १ मीटरपेक्षा कमी पातळी दिसेल तो दिवस धरा आणि त्या वेळेच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचा. तक्ता प्रमाणवेळेचा आहे की उन्हाळी वेळेचा ते आधी बघा, नाहीतर तासाची चूक होते. जांभळे-केशरी तारामासे, समुद्रफुलं, चिमुकले खेकडे दिसतील. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा.

माँटेग्यू हार्बर चुकवू नका. १९५९ मध्ये झालेलं ब्रिटिश कोलंबियाचं हे पहिलं सागरी प्रांतिक उद्यान. तिथला पांढरा किनारा शिंपल्यांच्या चुऱ्याचा आहे: मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं इथे शिंपले खाल्ले, त्या टरफलांचे थर. म्हणून तिथून काही उचलून आणायचं नाही. बेलहाउस उद्यानात वाऱ्या-लाटांनी जाळीदार झालेला वालुकाश्म आहे आणि समोरच्या ॲक्टिव्ह पास या सामुद्रधुनीतून मोठ्या फेरीबोटी अगदी जवळून जातात. जहाज गेल्यावर थोड्या वेळाने लाटा येतात, तेव्हा ओल्या खडकावर उभं राहू नका. वाहून आलेल्या ओंडक्यांवर मुलांना नाचू देऊ नका, ते गडगडतात. उरलेल्या दुपारी पुस्तक, झोप, आणि ऑगस्टमध्ये रस्त्याकडेची ब्लॅकबेरी.

थोडक्यात विचारलेलं

*शेकोटी पेटवता येते का?* उन्हाळ्यात बहुधा बंदी असते; त्या दिवशीचा आदेश पाहा. परवानगी असली तरी उंची-रुंदी अर्ध्या मीटरच्या आत आणि शेजारी किमान ८ लिटर पाणी.

*मोबाइलचं बिल?* त्सवासेनला लागूनच अमेरिकेचं पॉइंट रॉबर्ट्स आहे. फोन तिकडचा टॉवर पकडतो. टर्मिनलवर रोमिंग बंद करा.

*सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे, डॉक्टर मिळेल?* बेटावर दवाखाना आहे, इस्पितळ नाही. सर्वांत जवळचं सॉल्ट स्प्रिंग बेटावर, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावं लागतं. प्रवास विमा घ्या. गोळ्या मुक्कामापेक्षा चार दिवस जास्त पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा.