लिथुआनियाच्या खेड्यांतील लहान संग्रहालये : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात युरोपातील खुल्या आवारातील संग्रहालयांची ओळख करून देताना लिथुआनियातील रुमशिश्केसचा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत तिथल्या मोठ्या संग्रहालयापेक्षा खेड्यांतल्या लहान संग्रहालयांविषयीच अधिक विचारणा आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेत आहोत.

प्रश्न : लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे. रुमशिश्केससारखे विस्तीर्ण संग्रहालय असताना खेड्यापाड्यांत, कुठे शाळेच्या एका खोलीत तर कुठे धान्याच्या जुन्या कोठारात, स्वतंत्र संग्रहालये कशासाठी? साऱ्या वस्तू एकाच ठिकाणी अधिक चांगल्या जपल्या गेल्या नसत्या का?

उत्तर : रुमशिश्केसचे संग्रहालय १९६६ साली स्थापन झाले आणि १९७४ साली लोकांसाठी उघडले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील लाकडी घरे, कोठारे, गोठे आणि पवनचक्क्या सुट्या करून तेथे आणल्या गेल्या व पुन्हा उभारल्या गेल्या. हे काम झाले नसते तर त्यांतल्या पुष्कळ इमारती आज उरल्याही नसत्या, हे आधी मान्य केले पाहिजे. तरीही घर हलवले की त्याचा शेजार मागे राहतो. ज्या विहिरीचे पाणी त्या घरात येत होते ती विहीर, ज्या वाटेने गुरे घरी परतत ती वाट, आणि ‘हा माग आमच्या आजीचा’ असे सांगू शकणारा माणूस यांना गाडीत घालून आणता येत नाही. खेड्यातले संग्रहालय नेमके तेच धरून ठेवते.

शिवाय लिथुआनियात संग्रहालयाची कल्पना मुळात खेड्यातच रुजली. झेमायतिया या पश्चिमेकडील प्रदेशात बियोताय नावाचे गाव आहे. तेथील जमीनदार आणि लेखक दिओनिझास पोश्का यांनी १८१२ साली एका प्रचंड, जुन्या ओक वृक्षाचे खोड आतून पोखरून घेतले, त्याला दार आणि छप्पर केले, आणि त्या खोडाच्या पोटात परिसरात सापडलेल्या प्राचीन वस्तू, शस्त्रे, नाणी आणि पुस्तके मांडली. ‘बाउब्लिस’ नावाने ओळखले जाणारे हे खोड देशातील पहिले पुरावस्तू संग्रहालय मानले जाते, आणि ते आजही बियोतायमध्येच आहे. ज्या झाडाला परिसर ओळखत होता त्याच झाडात परिसराच्या वस्तू ठेवाव्यात, यात मला तरी लहान संग्रहालयाचा सारा विचार एकवटलेला दिसतो.

पुढचे कारण मात्र दुःखाचे आहे. १९२२ च्या जमीनसुधारणेनंतर एकत्र वसलेली अनेक गावे मोडून शेतकरी आपापल्या शेतावर, एकेकट्या घरांत राहू लागले. अशा एकाकी वस्तीला ‘व्हिएनकिएमिस’ म्हणतात. घर, गोठा, कोठार, न्हाणीघर आणि सारी हत्यारे ज्याची त्याच्या अंगणात असत, म्हणजे प्रत्येक वस्ती एक लहानसे जगच होते. ही जगे दोन वेळा रिकामी केली गेली. प्रथम जून १९४१ मध्ये आणि नंतर युद्ध संपल्यापासून १९५३ पर्यंत सोव्हिएत सत्तेने लाखाहून अधिक माणसांना सायबेरियात आणि इतर दूरच्या भागांत हद्दपार केले, आणि त्यांत शेतकरी कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. त्यानंतर सामूहिक शेतीसाठी पाणथळ जमिनींचा निचरा करून सलग शेते तयार करण्याची मोहीम निघाली. तिच्यात एकेकटी घरे पाडून लोकांना मध्यवर्ती वसाहतींत नेण्यात आले. वसाहतीतल्या लहान घरात माग कुठे ठेवणार आणि लाकडी नांगर कशासाठी नेणार? त्या वस्तू माळ्यावर गेल्या, सरपणात गेल्या किंवा पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात राहिल्या.

अशा वेळी गावच्या शाळेतील शिक्षक आणि ग्रंथपाल पुढे आले. आपल्या परिसराचा स्वतः शोध घेण्याच्या अभ्यासाला तिथे ‘क्राश्तोतिरा’ हा एक नेमका शब्द आहे: ‘क्राश्तास’ म्हणजे आपला मुलूख, आणि पुढच्या भागात शोध घेणे हा अर्थ आहे. ही परंपरा पहिल्या स्वातंत्र्यकाळातली, म्हणजे १९१८ ते १९४० मधली. शाउलाय शहरातील ‘औश्रा’ संग्रहालय १९२३ चे आणि तेल्शाय येथील ‘आल्का’ संग्रहालय १९३२ चे, ही दोन्ही तिचीच फळे आहेत. १९६१ मध्ये क्राश्तोतिरा संस्था स्थापन झाल्यावर या कामाला सोव्हिएत काळातही एक अधिकृत आधार मिळाला. शाळेची मुले घरोघर जाऊन वस्तू गोळा करीत, आणि शिक्षक वहीत वस्तू कुणाची, कुणी दिली, कशासाठी वापरली हे लिहून घेत. ही वही मला त्या वस्तूइतकीच मोलाची वाटते. चरखा कुठेही पाहायला मिळतो, पण तो कोणत्या घरात आणि कुणाच्या हाताखाली फिरला हे सांगणारी ओळ दुसरीकडे मिळत नाही.

१९९० च्या स्वातंत्र्यानंतर या खोल्यांत नवे कोपरे निर्माण झाले. तोवर दडवून ठेवलेली छायाचित्रे, सायबेरियात हाताने बनवलेल्या वस्तू, कागद मिळत नसल्याने बर्च झाडाच्या सालीवर लिहिलेली पत्रे लोकांनी पेट्यांतून बाहेर काढली आणि गावाच्या स्वाधीन केली.

प्रश्न : अशा प्रत्येक संग्रहालयात एक रंगवलेली लाकडी पेटी, माग, चरखा आणि विणलेले पट्टे असतात असे वाचनात आले. सगळीकडे तेच असेल, तर एक पाहिल्यावर दुसरे पाहण्यात काय विशेष?

उत्तर : वस्तूंचे प्रकार तेच असतात हे खरे, पण पेटी मात्र दोनदा तीच नसते. ही लग्नाची पेटी, मुलीच्या ‘क्राइतिस’ची म्हणजे लग्नानंतर ती सोबत नेणार त्या ठेव्याची. बहुधा हिरव्या, निळ्या किंवा तपकिरी रंगावर फुलदाणीतून वर आलेली ट्युलिपसारखी फुले, क्वचित पक्षी, आणि मध्ये वर्ष किंवा मुलीच्या नावाची आद्याक्षरे, असे तिचे रूप असते. झाकण उचलले की आत एका बाजूला अरुंद कप्पा दिसतो. त्यात पैसे, दागिना, पत्रे अशा लहान वस्तू राहत, आणि उरलेल्या जागेत जवसाच्या धाग्यापासून घरीच विणलेल्या कापडाच्या गुंडाळ्या, टॉवेल आणि पट्टे.

या पट्ट्यांना ‘युओस्ता’ म्हणतात. मुलगी ते वर्षानुवर्षे विणून साठवी, आणि लग्नात वऱ्हाड्यांना व मध्यस्थाला वाटून टाकी. नवऱ्याच्या घरी आल्यावर विहिरीपाशी, चुलीपाशी, दारापाशीही ती एखादा पट्टा किंवा टॉवेल ठेवी. नव्या घराच्या प्रत्येक जागेशी ओळख करून घेण्याची ती रीत होती. म्हणून पेटी पाहताना तिच्यात किती मावत होते यापेक्षा तिच्यातून किती दिले जाई याचा विचार करावा, असे मी सुचवीन.

पेटीची जागाही पाहण्यासारखी असते. ती बहुधा राहत्या घरात नसून ‘क्लेतिस’ नावाच्या, शेकोटी नसलेल्या कोठारात असे. उन्हाळ्यात मुली तेथेच झोपत. आनिक्श्चाय या लहान शहरात असेच एक कोठार जपले आहे. कवी आंतानास बारानाउस्कास यांनी १८५८-५९ च्या सुमारास जवळच्या रानावरची आपली दीर्घ कविता त्यात लिहिली, आणि १९२७ साली त्याचे संग्रहालय झाले. ते कोठार कुठेही हलवले नाही. पाऊस-बर्फापासून वाचवण्यासाठी त्याच्याभोवती दुसरी इमारत उभारली. लहान वास्तूसाठी एवढे करणाऱ्या लोकांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न : एका छायाचित्रात चरख्याशी बसलेली आई आणि तिच्याजवळ पुस्तक वाचणारे मूल असे शिल्प पाहिले. खेड्यातल्या संग्रहालयात शाळेच्या बाकांऐवजी चरख्याजवळ जुनी पुस्तके का ठेवतात?

उत्तर : ते शिल्प पेत्रास रिम्शा यांचे १९०६ चे आहे, आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘हालअपेष्टांची शाळा’ असा होतो. लिथुआनियाच्या जुन्या पाच लितासच्या एका नोटेवरही ते छापलेले होते.

१८६३ च्या उठावानंतर रशियन साम्राज्याच्या सरकारने लॅटिन लिपीत लिथुआनियन भाषेतील छपाईवर बंदी घातली. १८६४ पासून १९०४ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ती बंदी चालली. त्या काळात पुस्तके सीमेपलीकडे, पूर्व प्रशियातील तिल्झे यांसारख्या शहरांत छापली जात, आणि रात्री चोरून आत आणली जात. ती आणणाऱ्यांना ‘क्निगनेशिस’, म्हणजे पुस्तके वाहणारा, हे नाव पडले. पकडले गेल्यास दंड, तुरुंग किंवा हद्दपारी ठरलेली असे. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध युर्गिस बिएलिनिस; त्यांच्या जन्मदिवशी, १६ मार्चला, आजही पुस्तके वाहणाऱ्यांचा दिवस पाळतात.

पुस्तके आली तरी लिथुआनियन वाचायला शिकवणारी अधिकृत शाळा नव्हती. मग हिवाळ्यात, गुरे राखण्याचे काम नसताना, ‘दाराक्तोरिउस’ म्हटला जाणारा गावठी शिक्षक घरोघर राहून मुलांना गुपचूप शिकवी, आणि जेथे तोही नसे तेथे आई सूत काततच मुलाकडून अक्षरे वाचून घेई. म्हणून खेड्यातल्या संग्रहालयात प्रार्थनापुस्तक किंवा अक्षरपुस्तिका चरख्याशेजारी ठेवली असेल, तर ती सजावट समजू नये. ती वस्तू तिच्या खऱ्या जागी आहे. पानांचे कोपरे बोटांनी झिजलेले असतात. तेवढे मात्र जरूर पाहावे.

प्रश्न : मधमाश्यांचे संग्रहालयही आहे म्हणतात. मधमाश्यांचा आणि लोकजीवनाचा एवढा काय संबंध?

उत्तर : औक्श्तायतिया राष्ट्रीय उद्यानातील स्त्रिपेइकाय या लहानशा गावात प्राचीन मधुपालनाचे संग्रहालय १९८४ पासून आहे, आणि तेथे ओंडके पोखरून केलेली पोळ्यांची घरे पाहता येतात. त्याआधी पोळी उंच पाइन वृक्षांच्या ढोलीत असत, आणि मध काढणारा ‘गेइनिस’ या दोरांच्या साधनावर बसून वर चढे.

संबंध मात्र भाषेतच उघड दिसतो. लिथुआनियन भाषेत मधमाशी म्हणजे ‘बिते’ आणि जिवलग मित्राला ‘बिचुलिस’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, कारण मधमाश्यांचा थवा ज्यांच्यात वाटला गेला ते एकमेकांचे बिचुलिस झाले. जनावराच्या मरणासाठी त्या भाषेत वेगळे क्रियापद आहे, पण मधमाशीच्या मरणासाठी माणसाचेच क्रियापद वापरतात. असे शब्द काचेच्या कपाटात मांडता येत नाहीत, म्हणून त्या वस्तू दाखवणारा आणि शब्द सांगणारा माणूस एकच असणे मला इतके महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : ही संग्रहालये पाहायला जायचे झाल्यास कशी तयारी करावी, आणि ती टिकतील का?

उत्तर : अनेक लहान ठिकाणी ठरलेल्या वेळा नसतात, किल्ली ग्रंथालयात किंवा शेजारच्या घरी असते, म्हणून आधी फोन करून जावे. आनिक्श्चायजवळचे न्यूरोनिस येथील घोड्यांचे संग्रहालय याला अपवाद आहे. कृषितज्ज्ञ पेत्रास व्हासिनाउस्कास यांनी १९७८ साली ते सुरू केले, आणि तेथे राय नावाच्या धान्याची काळी भाकरी भाजण्याचे कामही पाहुण्यांना स्वतःच्या हाताने करता येते.

टिकण्याचा प्रश्न कठीण आहे. १९८९ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ३६.७ लाख होती, २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे २८.१ लाख भरली, आणि या घटीचा फटका खेड्यांना मोठा बसला. शाळा बंद झाल्या की शाळेतले संग्रहालयही अडचणीत येते. काही ठिकाणी गावकऱ्यांच्या संघटना युरोपीय संघाच्या ग्रामविकास निधीतून रिकाम्या इमारती दुरुस्त करून घेतात, काही संग्रह जिल्ह्याच्या संग्रहालयाची शाखा होतात. छपराची दुरुस्ती पैशाने होते, पण वहीतल्या नोंदी ज्यांना तोंडपाठ आहेत ती माणसे वृद्ध झाली आहेत. जाणाऱ्या वाचकांनी म्हणूनच प्रत्येक वस्तूपाशी थांबून ‘ही कुणी दिली?’ एवढे विचारावे, आणि मिळालेले उत्तर, नावासह, लिहून घेऊन त्याची एक प्रत तेथेच ठेवून यावे.