तुमचे प्रश्न : पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज परत सुरू झालेत. काका म्हणतात, सावध केलं तर बिघडलं कुठे?

उत्तर : काकांना राईनपाडा सांगा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण गावात आलेले, मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं, पाचही जणांचा जीव गेला. भटक्यांबद्दलचा संशय आधीचाच होता, मेसेजने फक्त काडी लावली आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही याचा मला राग येतो. त्या वर्षी देशभर फिरलेला मूल पळवतानाचा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता, मूल परत आणून सोडतात तो शेवट कापलेला! त्याच जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं, २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. पण तो एक चॅट म्हणजे शेकडो लोकांचा ग्रुप असला तर? म्हणून मेसेजवर दोन बाण, म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झाल्याची खूण, दिसले की ग्रुपवरच विचारा, कुठलं गाव, कुठलं पोलीस स्टेशन, तारीख काय. उत्तर नाही आलं तर काकांना तो मेसेज डिलीट करायला लावाच.