पाणी गिळता येतंय ना?

रोज सकाळी उठल्या उठल्या ते एक ग्लास पाणी पीत. तहान म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून. घोट सरळ खाली उतरला की दिवस सुरू. एकदा इतक्या जपून प्यायले की ठसका लागला. त्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ते पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आले.

दोन महिन्यांपूर्वी बाल्कनीत शिरलेलं माकड हुसकावायला गेले आणि त्याने पोटरीचा चावा घेतला. रक्त आलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) त्यांचा प्रश्न माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात: "इंजेक्शनं घेतली, तरी रेबीज आत दबा धरून बसला असेल तर?" रेबीज झालेल्याला पाणी गिळता येत नाही, म्हणून ती सकाळची परीक्षा.

बहुतेक सगळं त्यांनी बरोबर केलं होतं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, त्याच दिवशी दंडात लस घेतली, जखमेत आणि भोवती सीरमही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) टोचून घेतलं. मी सवयीने लसीचं कार्ड मागितलं. ०, ३, ७, १४ या दिवसांपुढे तारखा होत्या. २८ पुढे कोरं.

"तेव्हा प्रवासात होतो. मग राहूनच गेलं."

रोज पाणी पिऊन स्वतःला तपासणारा माणूस शेवटचा डोस विसरला होता! भीती माणसाला दिवसभर राबवते आणि नेमकं कामाचं तेवढं बाजूला ठेवते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. बोलणं तिथेच थांबवून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. राहिलेला डोस मिळाला. कोर्स पहिल्यापासून करावा लागला नाही.

पुढच्या भेटीत चूक माझी झाली. वेळेवर उपचार झाल्यावर रेबीज होणं किती दुर्मीळ, हे मी तीन-तीनदा समजावलं. ते खूश होऊन गेले आणि तासाभरात फोन: "पण वर्षानंतरही होतो असं वाचलं." वाचलेलं खोटं नव्हतं. विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित वर्षाहून जास्त. आणि ती दिसू लागल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही. म्हणून तर लस आधीच द्यायची असते, आणि ती त्यांना मिळाली होती. पण मी जितकं समजावी, तितकी त्यांना पुढच्या समजावणीची तलफ येई.

आणखी एक बोच होती: त्या माकडावर दहा दिवस नजर ठेवायला हवी होती का? तो नियम कुत्र्या-मांजरापुरताच. रानटी प्राणी चावला तर त्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. ही बोच मात्र एवढ्यावरच गेली.

मग त्यांच्या पत्नीला बोलावलं. "आवाज घोगरा वाटतो का गं?" हे तिला दिवसातून कितीदा ऐकावं लागे, आणि ती बिचारी प्रत्येक वेळी "नाही हो" म्हणे. ते बंद. त्याऐवजी ठरलेलं एकच उत्तर: "हे रात्री नऊला बोलू." नऊ ते सव्वानऊ काळजीचे. सकाळचा ग्लासही बंद. तहान लागली की प्यायचं. पहिला आठवडा वाईट गेला. तीनदा चोरून पाणी तपासलं, माझ्यावर चिडलेसुद्धा. पाचव्या आठवड्यात नऊ वाजता विचारायला काही सुचेना, म्हणून दोघं टीव्ही बघत बसली.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. सकाळी मुलाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं होतं. मूल रात्रभर तिथेच झोपलेलं, अंगावर खूण काही नाही. "ही माझी जुनीच भीती ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसेलच असं नाही. आजच डॉक्टरांना दाखवा."