क्योतोला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

सलाम.

तुझा व्हिसा आल्याचं रविवारी उपासनेनंतर तुझ्या आईनं सांगितलं. जूनमध्ये निघायचं, तीन आठवडे क्योतोत राहायचं आणि तिथल्या ख्रिस्ती विद्यार्थी संगतीला मदत करायची, असं ठरलंय म्हणे. या ‘मदत’ शब्दावरच मला तुझ्याशी बोलायचं आहे. फोनवर तू ऐकून घेतेस आणि विसरतेस, म्हणून कागद घेतला.

माझ्या जपानच्या पहिल्या खेपेची गोष्ट आधी. आम्ही आठजण होतो. शेवटच्या संध्याकाळी गाणी झाली, साक्षी झाल्या, म्हणजे प्रत्येकानं आपल्या विश्वासाचा अनुभव सांगितला, आणि आमच्यातल्या एकानं विचारलं, ज्यांना येशूला स्वीकारायचं आहे त्यांनी हात वर करा. सात हात वर आले. आम्ही रडलो. घरी येऊन मंडळीत ‘सात आत्मे’ असं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी तिथल्या कार्यकर्त्या ताईंचं पत्र आलं. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी कळवलं होतं की त्या सातांपैकी बहुतेकांनी हात वर केले ते पाहुणे इतक्या लांबून आलेत, त्यांचा मान राहावा म्हणून. आता ती मुलं संगतीत यायला संकोचतात. आपण काहीतरी कबूल करून बसलो आणि ते पाळलं नाही, असं त्यांना वाटतं.

ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

जपानी माणूस ‘हाय’ म्हणतो, म्हणजे ‘ऐकतोय’. ‘पटलं’ असा त्याचा अर्थ नेहमी नसतो. ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर ते नाही आहे. सरळ, स्वच्छ नाही. आपल्याकडे ‘बघू या’ म्हणतात तसंच. ते ऐकू आलं की आग्रह थांबव. जेवायला वाढतानाचा आपला नगरी आग्रह तिथे विश्वासाच्या बाबतीत तर मुळीच नको.

आता तू विचारशील, मग आपण जायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर थोडं मागे जाऊन देते. 1806 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी रानात प्रार्थना करत होते. वादळ आलं, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशी सेवेचा विचार तिथे धरला. त्यातून 1810 मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड निघालं. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला आणि 1831 मध्ये बोर्डाचं काम नगरला आलं. तुझ्या पणजीची शाळा त्यातलीच. तू ज्या क्योतोला चालली आहेस, तिथलं दोशिशा विद्यापीठ नीजिमा जो यांनी 1875 मध्ये शाळा म्हणून सुरू केलं, तेही याच बोर्डाच्या आधारानं. म्हणजे तू परक्या घरी नाही, चुलतघरी निघालीस. इमादेगावा कॅम्पसवर 1886 मधलं विटांचं चॅपल आहे, ते बघ. आपल्याकडच्या जुन्या मिशनच्या इमारती आठवतील.

पण हॉल तीन आठवड्यांसाठी आला नव्हता. तो तेरा वर्षं राहिला, मराठी शिकला, बायबलच्या नव्या कराराच्या भाषांतरावर बसला आणि 1826 मध्ये पटकीनं इथेच गेला. तीन आठवड्यांत ते होत नाही. ते काम तिथल्या ताई करताहेत, वर्षानुवर्षं, त्यांच्याच भाषेत. तू त्यांच्या हाताखाली जाते आहेस. कार्यक्रम त्या ठरवतील. त्यांनी खुर्च्या मांडायला सांगितलं, तर खुर्च्या मांडायच्या.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे, कारण आपल्याकडून गेलेल्या मुलांना ती कळत नाही. त्या देशात ख्रिस्ती माणसं शंभरात जेमतेम एक. त्यावर 1995 मध्ये ओम शिनरिक्यो या पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. त्या पंथात चांगल्या विद्यापीठांतून शिकलेली मुलं होती. 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईनं युनिफिकेशन चर्च या पंथाला प्रचंड देणग्या देऊन घर बुडवलं होतं, हे त्यानंतर सगळ्या देशानं वाचलं. त्यामुळे विद्यापीठंच नव्या मुलांना बजावतात की ओळख लपवून जवळीक करणाऱ्या धार्मिक गटांपासून जपून राहा. आणि आपण काय करतो? ‘या, इंग्रजी बोलायचा सराव करू’ असं पत्रक वाटतो आणि तिसऱ्या भेटीत बायबल काढतो. हेतू कितीही चांगला असो, समोरच्या मुलीला तो सापळाच दिसणार. म्हणून पत्रकावर ख्रिस्ती विद्यार्थी संगतीचं नाव पहिल्या ओळीत असू दे. कोणी विचारलं तर पहिल्याच वाक्यात सांग, मी ख्रिस्ती आहे, भारतातून आले आहे. लोक कमी येतील. येऊ देत. व्हिसाच्या अर्जात जे लिहिलंस, तेच तिथे कर, हेही त्यातच आलं.

जूनमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं काळे सूट घालून फिरताना दिसतील. नोकरीच्या मुलाखतींचे दिवस असतात. ती दमलेली असतात. त्यांना साक्ष ऐकायची नसते, कोणीतरी शेजारी बसून गप्प राहिलं तरी चालतं. त्या सातांपैकी एक मुलगी पुढे बरीच वर्षं संगतीत टिकली. ताईंनी तिला कारण विचारलं. माझी साक्ष तिच्या लक्षातही नव्हती. पावसात माझी छत्री मोडली, तेव्हा तिनं मला तिच्या छत्रीतून स्टेशनपर्यंत नेलं होतं आणि वाटेत आपल्या आजारी आजीबद्दल बोलली होती. तिला वाटलं, या बाईला माझी गरज पडली. (जूनमध्ये तिथेही पावसाळाच असतो. छत्री चांगली ने. पण फारच चांगली नको.)

एडिनबरोच्या 1910 च्या जागतिक मिशनरी परिषदेत आपल्या भारतातल्या व्ही. एस. अझराया या पाळकांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सुनावलं होतं की तुम्ही गरिबांसाठी आपली मालमत्ता दिलीत, देह जाळायला दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. हे आपण अभिमानानं सांगतो. पण क्योतोत उतरशील तेव्हा आपण अझरायांच्या जागी नसतो, समोरच्यांच्या जागी असतो. शिकवायला, दाखवायला, द्यायला आलेले. ती खुर्ची फार मऊ असते. म्हणून रोज काहीतरी माग. कांजी, म्हणजे त्यांची चित्राक्षरं, कशी लिहायची ते विचार, बाजारात काय घ्यावं ते विचार, त्यांच्या प्रार्थनेत तुझं नाव घ्यायला सांग. गोड लाल चवळीसारख्या कडधान्याचं सारण तिथे सगळीकडे मिळतं, अंको म्हणतात. ते खाऊन पुरणाची आठवण काढलीस की स्वयंपाकघरात गप्पा सुरू होतात, हा अनुभव आहे.

देवळांच्या दारात उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करू नकोस. कॅम्पसला लागूनच शोकोकुजी हे बौद्ध मंदिर आहे. कोणाच्या तरी आजीच्या अस्थी तिथे असतील.

पैशाबद्दल एकच. तुझ्या तिकिटातले काही रुपये कापणीच्या सणाच्या लिलावातून आलेत. चाळीस अंडी आणि एक गावठी कोंबडा मी स्वतः बोलीत चढताना पाहिलाय. बोली लावणाऱ्यांपैकी काहीजण विमानात कधी बसले नाहीत. हिशेब वहीत लिही आणि उरलेलं परत कर.

परतलीस की मंडळीत साक्ष द्यायला उभी करतील. पाळकसाहेब विचारतील, किती जणांनी स्वीकारलं? मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर असेन. आकडा सांगितलास तर मी खोकणार आहे.

तुझी,
मावशी