सिडनीत वकिली करायची तर आधी पदवी ठरव, मग क्लिनिक

तू विचारलंस की पुण्यात एलएलबी संपवून यूएनएसडब्ल्यूत (सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात) वर्षाचं एलएलएम करायचं, तिथल्या किंग्जफर्ड लीगल सेंटरमध्ये काम करायचं आणि त्या जोरावर सिडनीतच वकील व्हायचं, हे जमेल का. या वाटेने नाही जमणार. सेंटर मात्र सोडू नकोस.

नुसत्या एलएलएमवर इथे सनद मिळत नाही. त्यासाठी कायद्याचे ११ ठरावीक विषय लागतात (इथे सगळे त्यांना ‘प्रीस्टली इलेव्हन’ म्हणतात) आणि त्यावर पीएलटी नावाचं व्यावहारिक प्रशिक्षण. भारतातली पदवी असेल तर न्यू साउथ वेल्सच्या (सिडनी याच राज्यात येतं) लीगल प्रोफेशन अ‍ॅडमिशन बोर्डाकडे मूल्यमापनाचा अर्ज करायचा. तुझे कोणते विषय धरले आणि कोणते उरले ते बोर्ड कळवतं. ऑस्ट्रेलियाची राज्यघटना तर इथेच शिकावी लागणार, हे धरूनच चाल. दुसरी वाट तीन वर्षांच्या जेडीची (ज्युरिस डॉक्टर, म्हणजे पदवीधरांसाठीची कायद्याची पदवी). त्यात सगळे विषय येतात, पण फीसुद्धा तीन वर्षांची. घरी आधी हा हिशेब मांड.

आता सेंटरबद्दल. ते १९८१ पासून विद्यापीठाच्या लॉ स्कूलचा भाग आहे आणि लोकांना फुकट सल्ला देतं. आसपासचा रँडविकचा भाग समुद्रकिनारी असला तरी सगळा श्रीमंत नाही: मारूब्राला सरकारी घरांत राहणारे लोक आहेत, ला पेरूजला आदिवासी वस्ती आहे, आणि विद्यापीठाभोवती आपल्यासारखी भाड्याच्या खोल्यांत राहणारी पोरं. नोकरीवरून काढलं, पगार बुडवला, भेदभाव झाला, कर्जवसुलीवाले मागे लागले, अशी प्रकरणं येतात.

विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिथे क्लिनिक करतात, म्हणजे खऱ्या अशिलांची कामं करत शिकतात, त्याचे क्रेडिट मिळतात. आपल्याकडच्या लीगल एड शिबिरासारखं बॅनर लावून फोटो काढणं नव्हे. माणूस समोर बसतो, हकीकत तू ऐकायची, तारखा लिहायच्या, कागद मागायचे. त्याआधी समोरचा पक्ष सेंटरचाच जुना अशील नाही ना, हे तपासायचं. मग सेंटरच्या सॉलिसिटरपुढे, म्हणजे वकिलापुढे, प्रकरण मांडायचं. सल्ला त्यांच्या देखरेखीखालीच जातो. स्वतःच्या मनाने ‘तुमची केस पक्की आहे’ म्हणायची सोय नाही. हे सुरुवातीला जाचतं. पण अन्यायाने कामावरून काढल्याचा अर्ज फेअर वर्क कमिशनकडे (नोकरीतले तंटे सोडवणारी सरकारी संस्था) २१ दिवसांत जावा लागतो, आणि माणूस बऱ्याचदा अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी उगवतो. तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत नेमकी तारीख विचारणं म्हणजे काय, ते कळतं. माझ्या मते मूट कोर्टाच्या (लुटुपुटीच्या खटल्यांच्या स्पर्धेच्या) दहा ढालींपेक्षा हे शिक्षण मोठं. मुलाखतीतही सांगायला काहीतरी खरं असतं.

दोन अडचणी आहेत. जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाला ईमेल करून विचार की तुझ्या पदवीत कोणतं क्लिनिक घेता येईल आणि कधी. उत्तर लेखी घे. एजंटच्या तोंडी ‘हो हो’वर जाऊ नकोस. आणि क्लिनिकला पगार नाही. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. त्यात आठवड्याचा एखाददुसरा अख्खा दिवस सेंटरला गेला की कॅफेच्या शिफ्ट बसवताना नाकी नऊ येतात. म्हणून क्लिनिक पहिल्याच टर्मला नको. आधी घर आणि नोकरी मार्गी लागू दे.

घरावरून आठवलं: भाडेकराराचा बाँड (अनामत रक्कम) चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तो न्यू साउथ वेल्स फेअर ट्रेडिंग या सरकारी खात्याकडे जमा व्हायला हवा. घरमालकाने गडबड केली तर रेडफर्न लीगल सेंटरमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मोफत सेवा आहे. किंग्जफर्डला टेबलापलीकडे बसण्याआधी कदाचित तूच रेडफर्नला अशील म्हणून जाशील!

तर बोर्डाच्या अर्जाची तयारी आत्ताच सुरू कर, गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचा तपशील तुझ्या तिकडच्या विद्यापीठाकडून मागवून ठेव. पुण्यात ते मिळायला किती खेटे घालावे लागतात, ते तुला सांगायला नको. कुठल्याही कॉलेजला डिपॉझिट त्यानंतरच.