पद्मिनीला नवे पार्ट बसवताना

प्रीमियर पद्मिनी घेतलीत, मनापासून अभिनंदन! क्रोम आणि सीट कव्हरचा मोह आवरा, पहिला खर्च ब्रेकवर करा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि गाडी बरीच वर्षं उभी असेल तर ब्रेकमधलं रबर आधी जातं.

गाडीचं उत्पादन बंद होऊन वीस वर्षं उलटली. आता मिळतो तो बहुतेक लोकल माल. तो टाकाऊ नसतो, पण मुकाट बसेल असं धरून चालू नका.

- जुना पार्ट घेऊनच दुकानात जा. व्हील सिलिंडरचा (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) आतला व्यास जुळवा, पाइपचे आटेही. पहिले दोन-तीन फेरे हातानेच बसले पाहिजेत. तिथेच पाना लावावा लागला तर पार्ट परत करा.
- एका वेळी एकच चाक उघडा. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे विसरलात तर दुसऱ्या बाजूला बघता येतं.
- ब्रेकच्या रबर किटला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस अजिबात नको. रबर फुगतं, ब्रेक धरून बसतो. ब्रेक ऑइलच लावा.
- नुसत्या जॅकवर काम नाही. गाडी पेलणारा स्टँड लावाच.

पाच पार्ट एकदम बदलायची घाई सगळेच नवे लोक करतात. मग आवाज आला की कशाचा ते कळत नाही. एक बदला, गल्लीत हळू फिरवून बघा, मग पुढचा. जुना पार्ट जपून ठेवा. नवा बिघडला तर तोच कामी येतो.

कार्बोरेटरला सध्या हात लावू नका. गाडी कुठल्या सालची आणि ब्रेक पेडलला किती खेळ आहे (म्हणजे ब्रेक लागण्याआधी ते किती मोकळं हलतं) ते कळवा, मग मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचं बघू.