‘मुलगी आधीच अबोल, त्यात ही मालिका’

नववीतल्या मुलीची आई समुपदेशनाला प्रश्न तयार करूनच आली होती: "ही कार्टून बंद करू का?" मुलगी घरात धाकट्या भावाशी कडाकडा भांडते, वर्गात मात्र हजेरी देतानाही तिचा आवाज जेमतेम निघतो. काही महिन्यांपासून ती ‘कोमी कान्ट कम्युनिकेट’ ही जपानी शालेय विनोदी मालिका पुन्हापुन्हा पाहते आहे. अलीकडे पाहुणे आले की बोलायच्या ऐवजी ती वहीत लिहून दाखवते, अगदी मालिकेतल्या कोमीसारखं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अशी चिंता घेऊन बरेच पालक येतात, मालिकेचं नाव तेवढं वेगळं असतं.

आईने मालिका किती पाहिली होती? जाता-येता पाच मिनिटं. आखूड स्कर्टचे गणवेश, बशीएवढे डोळे, मधूनच किंचाळणारी पात्रं. एवढ्यावर ठरवता येत नाही. म्हणून आधी तीन भाग पाहायचं ठरलं: पहिला पूर्ण, मग एक मुलीने निवडलेला, मग एक आईने निवडलेला. भाग साधारण 24 मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. म्हणजे सगळं मिळून सव्वा तास. पाहताना शेरेबाजी नाही, हातात मोबाइलही नाही.

वयोगटाची खूण पाहावी का? जरूर. भारतात 2021च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर यू, यू/ए 7+, यू/ए 13+, यू/ए 16+ आणि ए असे गट असतात, आणि 13+पासून वरच्या मजकुराला पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. पण हिंसा, शिव्या, लैंगिक दृश्यं यांचा अंदाज देण्यापलीकडे ही खूण जात नाही. विनोद कुणाच्या जिवावर चाललाय, हे तिच्यावरून कळत नाही. शालेय विनोदी मालिकांमध्ये पाहायचं असतं ते नेमकं हेच.

ही मालिका तोमोहितो ओदा यांच्या चित्रकथेवर बेतलेली आहे; ती ‘शोनेन संडे’ या जपानी साप्ताहिकात 2016 ते 2025 चालली. ओएलएम स्टुडिओने तिच्यावरून केलेल्या अ‍ॅनिमेचा, म्हणजे या कार्टून मालिकेचा, पहिला सीझन ऑक्टोबर 2021मध्ये आला, दुसरा एप्रिल 2022मध्ये; एकूण 24 भाग. शोको कोमी दिसायला देखणी, सगळ्या वर्गाचा जीव तिच्यावर, पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. शेजारी बसणारा साधासुधा तादानो हे ओळखतो. तिला शंभर मैत्र जोडायचे असतात, आणि तो तिच्या मदतीला राहतो.

पहिल्या भागातला फळ्याचा प्रसंग या मालिकेतला सगळ्यात चांगला. रिकाम्या वर्गात कोमी खडूने मनातलं लिहू लागते आणि तादानोही बोलणं सोडून खडू उचलतो. ‘बोल ना, घाबरतेस काय’ असं तो एकदाही म्हणत नाही. अबोल मुलाशी कसं वागावं हे पालकांना सांगायला हा प्रसंग आम्ही आनंदाने वापरू.

पण मालिकेत दोन-तीन जागा खुपतात. यामाई ही मुलगी कोमीच्या वेडापायी तादानोला पळवून नेते, बांधून कोंडून ठेवते. तो प्रकार विनोद म्हणून निभावला जातो आणि ती पुढे त्याच टोळक्यात वावरते. यावर बहुतेक पालक दचकतात. खरं तर चौदा वर्षांच्या मुलीला ही अतिशयोक्ती असल्याचं बहुधा कळतं. त्याहून काळजीचं आहे ते आगारी नावाच्या भित्र्या मुलीचं. मैत्रीण व्हायची आपली लायकी नाही असं वाटून ती कोमीची ‘कुत्री’ व्हायला तयार होते आणि त्यावर हशा पिकतो. स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलीला हा हशा ओळखीचा वाटू शकतो. इथे विचारायचा प्रश्न साधा आहे: "आगारीला तसं का वाटलं असेल?" उत्तर लगेच आलं नाही तर थांबावं, भाषण देऊ नये.

तिसरी खोट रचनेतच आहे. कोमी सुंदर आहे, म्हणून तिचं गप्प राहणं सगळ्यांना शालीन वाटतं. आपल्याकडच्या वर्गात गप्प बसणाऱ्या साध्या मुलीला ‘घुमी’ किंवा ‘शिष्ट’ म्हणतात. हे आईने सांगायची गरजच पडली नाही, मुलीनेच म्हटलं, "मी तिच्यासारखी दिसत नाही ना, म्हणून माझी वही कोणी वाचत नाही." तीन भागांची मेहनत या एका वाक्यासाठी सार्थकी लागली.

मालिका बंद करायची नाही असं ठरलं. वहीचं काय? वही पूल होऊ शकते किंवा लपायची जागा. फरक ओळखायचा असा: वहीमुळे पूर्वी टाळलेला प्रसंग मुलगी गाठते आहे, की पूर्वी बोलत होती तिथेही आता लिहायला लागली आहे? पाहुण्यांच्या बाबतीत दुसरं घडत होतं. म्हणून नियम केला: घरात वही नाही, बाहेर चालेल, पण लिहिलेल्यातला एक शब्द तरी मोठ्याने वाचायचा, पुढच्या आठवड्यात एक वाक्य.

मालिकेत कोमीला सराव म्हणून कॅफेत लांबलचक नावाचं पेय मागवायला पाठवतात. विनोदाला ठीक, सरावाला चूक. पहिलीच पायरी इतकी उंच असली की मूल हरतं आणि पुढच्या वेळी दारातूनच परत फिरतं. मुलीने स्वतः भीतीला शून्य ते दहा गुण दिले. दुकानात "किती झाले?" विचारणं 3, हजेरीला ऐकू येईल असं "हजर" 5, बाईंना शंका विचारणं 8, वर्गासमोर तोंडी परीक्षा 9. सुरुवात 3पासून. तीच गोष्ट भीती 1-2वर येईपर्यंत रोज, मगच वर. भीती चढलेली असतानाच पळून आलं तर सुटका पळण्यानेच होते असं मन शिकतं, म्हणून ती उतरू लागेपर्यंत तिथे टिकायचं.

बिघडतं ते मोठ्यांकडून. दुकानदाराने विचारलं की आई चटकन उत्तर देते, "तिला लाज वाटते हो." त्याऐवजी मनात पाच अंक मोजावेत. आणि मान हलवून भागेल असे प्रश्न टाळावेत: "चहा हवा का?" याऐवजी "चहा की दूध?"

मूल घरी मोकळं बोलतं, पण शाळेसारख्या ठिकाणी महिन्याहून अधिक काळ बोलतच नाही आणि अभ्यास, मैत्री अडते, तर तो निवडक अबोलपणा असू शकतो. तो चिंतेच्या विकारांत मोडतो आणि बहुधा पाच वर्षांच्या आधी सुरू होतो. या मुलीचा आवाज हळू का होईना निघत होता, लोक हसतील ही भीती मोठी होती. ती सहा महिने किंवा अधिक टिकून शाळा चुकवायला लावू लागली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं. दोन्हींत मालिका हे कारण नसतं.

वेळेचं मात्र बघावं. पुढचा भाग आपोआप सुरू होणं नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं. ते केलं की रात्री ‘एकच भाग’ खरोखर एकच राहतो. शाळेच्या दिवशी एकूण फार तर दोन भाग, झोपेच्या तासभर आधी पडदा बंद.

तोंडी परीक्षेचा 9 अजून 7वर आहे. बाईंशी बोलून या सत्रात ती परीक्षा स्टाफरूममध्ये, एका मैत्रिणीला सोबत घेऊन द्यायची ठरली आहे. पुढच्या सत्रात रिकाम्या वर्गात, मग चार जणींसमोर.